रग लागेपर्यंत

"चाललं की पोटरीत गोळा येतोय, थांबलं की जातोय बघा." करवीर, कागल, पन्हाळ्याकडून आलेला साठीचा माणूस कोल्हापुरात डॉक्टरसमोर बसतो आणि आपले दुखणे असे एका दमात सांगून टाकतो. त्या एका वाक्यात निदान जवळजवळ पुरे झालेले असते. पायाकडे जाणारी धमनी आतून चरबीने आणि चुन्याने अरुंद झालेली असते. बसल्या जागी पोटरीला जेवढे रक्त लागते तेवढे त्यातून मिळते. चालू लागले की स्नायूंची मागणी कैक पटींनी वाढते, पुरवठा मात्र वाढू शकत नाही, आणि शे-दोनशे पावलांत रग लागते. नुसते उभे राहिले तरी दोन-चार मिनिटांत ती उतरते. मणक्यातली नस दबल्यामुळे पाय दुखत असतील तर उभे राहून भागत नाही, बसावे लागते किंवा पुढे वाकावे लागते. हा फरक नीट विचारला जात नाही म्हणून कितीतरी माणसे वर्षानुवर्षे 'सायटिका', 'वात', 'वयोमान' अशा नावांखाली मलमे चोळत राहतात.

या दुखण्यावर एक औषध आहे आणि ते सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे. रग लागेपर्यंत चालायचे, थांबायचे, रग उतरली की पुन्हा चालायचे. असे अर्धा तास, पुढे पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन दिवस, कमीत कमी तीन महिने. कुणी ते शोधले, कुणी पारखले आणि आपल्यापर्यंत पोचता पोचता त्याचे 'रोज चालत जा' एवढेच कसे उरले, हे पाहायला हवे. कारण उरलेल्या त्या तीन शब्दांनी माणूस बरा होत नाही.

सुरुवात एका घोड्यापासून होते. १८३१ साली पॅरिसमधल्या बुले नावाच्या पशुवैद्याने गाडीला जुंपलेल्या एका घोड्याची हकीगत लिहून ठेवली. घोडे चांगले खाते-पिते, उभे असताना निरोगी दिसते. पण थोडे दौडले की मागचे पाय ताठतात, लंगडते, कोसळते. काही वेळ विसावा मिळाला की जणू काही झालेच नव्हते असे उभे राहते. ते मेल्यावर बुलेने चिरून पाहिले तेव्हा मागच्या पायांच्या मुख्य धमन्या बुजलेल्या सापडल्या. माणसाच्या पायात हेच घडते, हे इंग्लंडमध्ये बेंजामिन ब्रोडी याने १८४६ मध्ये सांगितले. १८५८ मध्ये पॅरिसच्याच झां-मार्तें शार्को याने एका जुन्या सैनिकाची केस मांडली. त्याला पूर्वी लागलेल्या गोळीने कमरेजवळची धमनी बिघडली होती, आणि चालताना त्याचा एक पाय त्या घोड्यासारखाच जाम होत असे. शार्कोला पशुवैद्यांचे लिखाण ठाऊक होते आणि त्याचा त्याने उल्लेखही केला. पुढे मेंदूविकारांसाठी जगभर नावाजलेल्या या डॉक्टरने तरुणपणी जनावरांच्या डॉक्टरांकडून शिकायला कमीपणा मानला नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

दुखणे ओळखले गेले, पण उपाय? त्याची एक खूण बुलेच्याही आधी, १७८५ च्या डिसेंबरात, लंडनमध्ये उमटली होती. जॉन हंटर या शल्यवैद्याकडे एक गाडीवान आला. त्याच्या गुडघ्यामागच्या धमनीला मोठा फुगा आला होता. तेव्हाचा रिवाज पाय कापण्याचा. हंटरने मांडीतली मुख्य धमनीच दोऱ्याने बांधून टाकली. पाय काळा पडेल अशी भीती होती, तसे झाले नाही. गाडीवान पायावर उभा राहून घरी गेला. मुख्य धमनी बंद झाली तरी आजूबाजूच्या बारीक धमन्या रुंदावून पाय जगवू शकतात, हे या एका शस्त्रक्रियेने दाखवून दिले. या बारीक धमन्यांना कामाला लावायचे कसे, हा प्रश्न मात्र पुढची शंभर वर्षे कुणी नीट विचारला नाही.

तो विचारला हायडेलबर्गच्या विल्हेल्म एर्ब याने. १८९८ मध्ये त्याने या थांबून थांबून येणाऱ्या लंगडेपणावर सविस्तर लिहिले आणि उपचारांत चालण्याच्या व्यायामाची शिफारस केली. व्यायामाच्या उपचाराची वंशावळ लिहिणारे आजही मूळपुरुष म्हणून त्याचेच नाव घेतात. एर्बने आणखी एक गोष्ट हेरली. त्याच्या रुग्णांत भरपूर धूम्रपान करणाऱ्यांचा भरणा होता. पुढच्या लेखांत त्याने हा मुद्दा पुन्हा पुन्हा मांडला. म्हणजे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर एकाच माणसाच्या हाती दोन्ही टोके आली होती: तंबाखू हे कारण आणि चालणे हा उपाय.

इथे आपल्याला कोल्हापूरच्या वेशीवर यावे लागते. कागल ओलांडून महामार्गाने दक्षिणेला निघाले की तासाभराच्या आत निपाणी येते. नकाशात बेळगाव जिल्हा, बोली मराठी, आणि गावाची सारी घडण तंबाखूवर झालेली. बिडीत भरायच्या तंबाखूसाठी निपाणीचे नाव देशभर झाले. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या तंबाखू शेतकऱ्यांनी रास्त भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. आंदोलन दिवसेंदिवस चालले, शेवटी पोलिसांचा गोळीबार झाला, माणसे मेली. त्याच सुमारास वखारींत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायका संघटित झाल्या. त्यांच्यावर 'युगांतर' या स्त्रियांच्या गटाने १९८२ मध्ये माहितीपट केला. पान पिकवणाऱ्याला भाव हवा, पान चाळणाऱ्या बाईला मजुरी हवी आणि छातीत धूळ नको, हे सगळे त्या काळात बोलले गेले आणि ते बोलले जायलाच हवे होते. पण बिडी ओढणाऱ्याच्या पायाचा हिशोब त्या मांडणीत कुठेच नव्हता.

बिडीचे पान सच्छिद्र नसते आणि ती सारखी विझते. त्यामुळे ती पेटती ठेवायला सिगारेटपेक्षा जास्त झुरके आणि जास्त खोल झुरके घ्यावे लागतात. तंबाखू थोडा असूनही निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड शरीरात भरपूर जाते. धमनीचे आतले अस्तर त्याने खराब होते, धमनी आखडते, रक्तातली प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. चालताना पोटरीला ज्या तीन गोष्टी हव्या असतात, नेमक्या त्याच तीन गोष्टींवर घाव पडतो.

तरुण धूम्रपान करणाऱ्यांच्या हातापायांतल्या छोट्या धमन्या सुजून बंद पडणे हा एक वेगळाच आजार आहे. त्याचे वर्णन १८७९ मध्ये व्हिएन्नाच्या फेलिक्स फॉन विनिवार्टरने केले आणि १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर याने. बर्गरचे नाव त्याला चिकटले. पाश्चात्त्य देशांत हा आजार आता क्वचित दिसतो. भारतात बिडी ओढणाऱ्या कष्टकरी पुरुषांत तो अजून दिसतो: वय पस्तीस-चाळीस, पायाचा अंगठा काळा पडलेला, आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्याखाली पाय गेलेला. बिडी पूर्ण सुटली तर पाय वाचतो, 'कमी केली' म्हणून वाचत नाही. या आजारात चालणे हे तंबाखू सोडण्याची जागा घेऊ शकत नाही.

याच बर्गरच्या नावाचे व्यायाम आपल्याकडच्या नर्सिंगच्या आणि फिजिओथेरपीच्या पुस्तकांत अजून शिकवले जातात. त्याने १९२० च्या दशकात ते सुचवले आणि बोस्टनच्या आर्थर अॅलनने थोड्या वर्षांनी त्यांना आजचे रूप दिले. कुठल्याही जनरल वॉर्डात ते पाहायला मिळतात. रुग्ण उताणा झोपतो, पाय उशांच्या उतरंडीवर साधारण पंचेचाळीस अंशांत चढवलेले. दोन-तीन मिनिटांत तळवे पांढरेफटक पडतात. दुखऱ्या पायाचा तळवा आधी पडतो. मग तो उठून पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत सोडून बसतो, पावले वर-खाली, आत-बाहेर हलवतो. चांगल्या पायावर लगेच गुलाबी रंग येतो. आजारी पाय बराच वेळ पांढरा राहतो आणि मग एकदम गडद लाल, जांभळट होतो. शेवटी पाच मिनिटे पाय सपाट, पांघरुणाखाली. असे पाच-सहा फेरे, दिवसातून दोन-तीनदा. पायाचा रंग पाहून आजार किती पुढे गेला हे कळण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे आणि अंथरुणाला खिळलेल्याला तिचा उपयोगही आहे. पण चालण्याचे अंतर वाढवायला तिचा आधार लंगडा आहे. पलंगावर झोपून पोटरी कामाला लागत नाही. तरीही कितीतरी ठिकाणी चालू शकणाऱ्या माणसालाही व्यायाम म्हणून हेच लिहून दिले जातात, कारण ते पुस्तकात आहेत आणि ते शिकवायला एक पलंग पुरतो.

एर्बचा सल्ला दरम्यान मागे पडला होता. दुखते तर विसावा द्या, ही समजूत डॉक्टरांतही पक्की होती. १९३१ मध्ये लंडनच्या थॉमस लुईसने दाखवून दिले की ही वेदना रक्त कमी पडत असताना काम करणाऱ्या स्नायूत साचणाऱ्या रसायनांमुळे होते, विसावा मिळताच ती धुऊन जातात. म्हणजे रग लागणे हे पाय मोडत असल्याचे लक्षण नव्हे. हे कळूनसुद्धा व्यायामाला कुणी हात घातला नाही. त्या काळात शल्यवैद्यांचा भर कमरेतल्या नसांच्या गाठी काढून पायाच्या धमन्या सैल करण्यावर होता, आणि आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत बर्गरच्या रुग्णांसाठी ती शस्त्रक्रिया पुढे कित्येक दशके चालू राहिली.

मग दोन वर्षांच्या अंतराने दोन घटना घडल्या. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर याने ८२ वर्षांच्या एका बाईच्या मांडीतली अरुंद धमनी, पाय न कापता, बारीक नळ्या सरकवून आतून रुंद केली. आजच्या साऱ्या अँजिओप्लास्टीचा उगम तिथे आहे. १९६६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात डेन्मार्कच्या लार्सन आणि लासेन यांनी एक छोटा निबंध छापला. रुग्ण फक्त १४. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाने सहा महिने रोज चालण्याचा व्यायाम केला, दुसऱ्याला औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. चालणाऱ्यांचे अंतर वाढले, दुसऱ्यांचे वाढले नाही. एर्बने अनुभवावरून जे सांगितले होते ते पहिल्यांदा तराजूत घालून तोलले गेले.

डॉटरच्या नळीमागे पुढे फुगे आले, जाळ्या आल्या, कारखाने आले, परिषदा आल्या. ते चांगलेच झाले. त्यामुळे हजारो पाय वाचले. लार्सन-लासेनच्या निबंधामागे मात्र कुणी उभे राहिले नाही, कारण चालणे विकून कुणाला काही मिळणार नव्हते. आजच्या विषमतेचे मूळ माझ्या मते इथे आहे. कुणी कट केला असे नाही. ज्या उपचाराला मालक नसतो त्याची आठवण करून द्यायला माणूसही नसतो.

तरी काही चिवट माणसे होती. १९६७ मध्ये सिअॅटलच्या स्किनर आणि स्ट्रँडनेस यांनी व्यायामाने हे रुग्ण किती सुधारतात ते ट्रेडमिलवर मोजले. त्याच शहरातल्या विद्यापीठात रॉबर्ट ब्रूस हृदयरोग्यांसाठी ट्रेडमिलची चाचणी घडवत होता. हे यंत्रही विचित्र घराण्यातले. १८१८ मध्ये विल्यम क्यूबिट या इंग्रज इंजिनियराने ते तुरुंगांसाठी बनवले आणि कैदी तासन् तास त्या चाकाच्या पायऱ्या चढत. शिक्षेचे ते चाक दीडशे वर्षांत रुग्णाचे अंतर मोजणारा पट्टा झाले. पायांच्या रुग्णांसाठीच्या चाचणीत पट्टा ताशी सुमारे ३.२ किलोमीटरने फिरतो आणि दर दोन मिनिटांनी चढ दोन टक्क्यांनी वाढतो. पन्हाळ्याच्या वाटेवर ज्याला पोटरी अडवते पण सपाट गल्लीत अडवत नाही, त्याला चढाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

१९९५ मध्ये गार्डनर आणि पोलमन यांनी तोवरचे २१ अभ्यास एकत्र तपासले. रग लागेपर्यंतचे सरासरी अंतर १२६ मीटरवरून ३५१ वर गेले होते आणि थांबावेच लागेपर्यंतचे ३२६ वरून ७२३ वर. या अभ्यासांतल्या पुष्कळांत तुलनेचा गट नव्हता, म्हणून आकडे फुगलेले असणार. पुढे फक्त चिठ्ठ्या टाकून केलेल्या ३२ चाचण्या घेऊन २०१७ मध्ये कॉक्रेन संस्थेने हिशोब केला तेव्हा वाढ विनावेदना अंतरात सुमारे ८२ मीटर आणि एकूण अंतरात सुमारे १२० मीटर भरली. हा आकडा लहान वाटेल. पण ज्याचा पाय शंभर मीटरवर अडतो त्याला आणखी सव्वाशे मीटर मिळणे म्हणजे गल्लीच्या तोंडाशी न थांबता मंडईपर्यंत जाऊन पिशवी घेऊन परत येणे. १९९५ च्या त्या अभ्यासाचे मोल आकड्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत होते. कुठला व्यायाम लागू पडतो ते त्यातून उघड झाले: इतर कसरतींपेक्षा चालणे, दर खेपेला तीस मिनिटांपेक्षा जास्त, आठवड्यातून किमान तीनदा, सहा महिने, आणि वेदना जवळजवळ सोसवेनाशी होईपर्यंत.

हे शेवटचे कलम सर्वांत अवघड. दुखले की थांबणे हा शरीराचा धर्म आहे. इतके दुखवून घ्यायची खरेच गरज आहे का, हे शिकागोच्या मेरी मॅकडरमट यांनी २०२१ मध्ये ३०० हून अधिक रुग्णांवर तपासले. एका गटाने वर्षभर दुखणार नाही अशा बेताने आरामात चालायचे, दुसऱ्याने रग लागेल अशा वेगाने. दुसऱ्या गटाचे सहा मिनिटांत चालून होणारे अंतर सुमारे ३४ मीटरने वाढले. आरामात चालणाऱ्यांना काहीच लाभ झाला नाही. मुळीच व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा ते पुढे गेले नाहीत. रंकाळ्यावर सकाळी गप्पा मारत हलक्या पावलांनी फिरणाऱ्याचे मन प्रसन्न होते, साखर आणि रक्तदाबही थोडे ताळ्यावर येतात, पण पोटरीचा गोळा जिथल्या तिथे राहतो. 'रोज चालतो की हो, तरी फरक नाही' या तक्रारीचे उत्तर इतकी वर्षे आपल्या हाताशी असून कुणी दिले नाही.

रग लागल्याने आत काय होते? पहिल्यांदा वाटायचे की हंटरच्या गाडीवानासारखे सगळे श्रेय नव्या-जुन्या बारीक धमन्यांचे. पण महिनोन्महिने चाललेल्यांचा घोट्याचा रक्तदाब मोजला तर तो फारसा बदललेला नसतो. मग कळले की बदल बऱ्याच ठिकाणी थोडा थोडा होतो. धमनीचे अस्तर पुन्हा सैलावायला शिकते, स्नायूतल्या बारीक केशवाहिन्या वाढतात, मिळालेल्या थोड्या प्राणवायूतून जास्त काम काढायची स्नायूची हातोटी सुधारते, आणि माणसाची चाल सुधारून तेवढ्याच अंतराला कमी शक्ती लागते. अडथळा तिथेच असतो, पाय मात्र त्याच्यासह जगायला तयार होतो.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत, ओटीपोटाजवळची धमनी अरुंद असलेल्या १११ रुग्णांत, देखरेखीखालच्या व्यायामाने सहा महिन्यांत चालण्याची क्षमता जाळी बसवण्यापेक्षाही जास्त वाढवली. त्याच वर्षी ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेने अशा प्रत्येक रुग्णाला आधी देखरेखीखालचा व्यायाम द्या असे सांगितले: आठवड्याला दोन तास, तीन महिने. अमेरिकेच्या मेडिकेअर विम्याने २०१७ मध्ये १२ आठवड्यांत ३६ बैठकांचे पैसे द्यायला सुरुवात केली. हॉलंडने सर्वांत शहाणपणाची वाट धरली. २०११ पासून तिथे देशभरातल्या गल्लीबोळांतल्या फिजिओथेरपिस्टांना या एका कामाचे शिक्षण देऊन त्यांचे जाळे विणले. रुग्णाला मोठ्या दवाखान्यात हेलपाटे घालावे लागत नाहीत. घराजवळच कुणीतरी त्याच्यासोबत उभे राहते.

देखरेखीवर एवढा भर का, हे कोल्हापूरकराला सांगायची गरज नाही. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभ्या केलेल्या खासबाग मैदानाच्या शहरात, गंगावेस, मोतीबाग, काळा इमाम, शाहूपुरी अशा तालमींच्या शहरात, कुणी घरी बसून एकट्याने पैलवान झाल्याचे ऐकिवात नाही. जोर-बैठका कुणालाही ठाऊक असतात. अंग मोडल्यासारखे वाटत असताना अजून वीस काढ म्हणणारा आणि खरोखर दुखापत होतेय हे ओळखून थांबवणारा वस्ताद असतो म्हणून मेहनत अंगी लागते. पायाच्या रुग्णाचे तेच आहे. गोळा आला की तो घाबरतो. 'थांबू नका, आणखी पन्नास पावलं, आता थांबा' एवढे म्हणणारा शेजारी असला तर महिनाभरात भीती जाते. मॅकडरमट यांनीच २०१८ मध्ये अंगावर घालायचे पावले मोजणारे यंत्र आणि फोनवरचा सल्ला एवढ्यावर भागते का ते पाहिले होते, भागले नाही.

जगात २०१० मध्ये सुमारे २० कोटी लोकांना हा धमन्यांचा आजार असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतले बहुतेक आपल्यासारख्या देशांत राहतात. आपल्याकडे तंबाखूच्या जोडीला मधुमेह येऊन बसला आहे. आपल्याकडचा रुग्ण आधी आषाढी एकादशीला नंदवाळची दिंडी सोडतो, मग जोतिबाचा डोंगर, मग महाद्वार रोड. रस्त्यात गोळा आला की दुकानापुढे उभा राहून माल पाहिल्यासारखे करतो. घरचे म्हणतात, वय झालं. त्याला कधी कुणी विचारत नाही की रग नेमकी कुठे लागते आणि उभे राहून जाते का.

सरकारी आरोग्य योजनांची बांधणी दवाखान्यात दाखल होऊन करायच्या उपचारांभोवती आहे. तीन महिने आठवड्यातून तीनदा एखाद्याला चालवून आणण्याचे काम त्या चौकटीत बसत नाही. पण त्यासाठी लागते काय? संस्थानकाळातले आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणजे आजचे सीपीआर शहराच्या मध्यावर आहे, त्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. जिल्ह्यात फिजिओथेरपी शिकणारी मुले-मुली आहेत. रंकाळ्याचा पदपथ आहे, बसायला कट्टे आहेत. चढ हवा तर सागरमाळावर विद्यापीठाच्या आवारातले रस्ते आहेत, जिथे निम्मे शहर तसेही सकाळी फिरायला जाते.

आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजायचा. दंडाला पट्टा, मग घोट्याच्या वर पट्टा, आणि हातातल्या छोट्या डॉपलर यंत्रावर धमनीचा आवाज ऐकायचा. दंडात १४० आणि घोट्यात ८४ निघाले तर भागाकार ०.६ येतो. ०.९ च्या खाली आला की आजार नक्की. जुन्या मधुमेहात धमन्या चुन्याने टणक होतात आणि हा आकडा खोटा मोठा येतो, तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. हृदयाची तपासणी करायची, कारण पायात जो आजार आहे तो हृदयातही असू शकतो. रात्री झोपेतही पाय दुखत असेल, बोट काळे पडले असेल, जखम भरत नसेल, तर चालायला लावायचे नाही. त्याने त्याच आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या शल्यवैद्याकडे जायला हवे. पायाची संवेदना गेलेल्या मधुमेह्याने उघडी, कडक चप्पल घालून हा व्यायाम करू नये. मऊ तळाचे बंद बूट, मोजे, आणि घरी आल्यावर तळव्याला आरसा धरून बघणे. ज्याला चालता येणारच नाही त्याच्यासाठी हाताने फिरवायचे पॅडल आहे. दंड-खांद्यांचा तो व्यायामही चालण्याचे अंतर वाढवतो, असे अभ्यासांत दिसले आहे. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू ठेवायच्या. बिडी-सिगारेट आणि तंबाखू पूर्ण बंद.

मग सोमवार, बुधवार, शुक्रवार. सुरुवातीची पाच मिनिटे सावकाश. पुढे असा वेग की तीन ते पाच मिनिटांत रग लागावी. ती बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालायचे, थांबायचे, पूर्ण उतरू द्यायची, पुन्हा निघायचे. थांबण्याचा वेळ धरून आधी अर्धा तास, दर आठवड्याला थोडा वाढवत पाऊण तास ते तास. दहा मिनिटे चालूनही रग लागेनाशी झाली की वेग किंवा चढ वाढवायचा. बरोबरचा विद्यार्थी वहीत रग कुठे लागली आणि कुठे थांबावे लागले ते लिहील, आणि बारा आठवड्यांनी पहिल्या पानाशी ताडून पाहील. वीस रुग्ण, चार विद्यार्थी आणि एक अनुभवी फिजिओथेरपिस्ट एवढ्यावर ही पहिली तुकडी सुरू करता येते, आणि ती कोल्हापुरात सुरू व्हावी.